दहाव्या वर्षी गादी, विसाव्या वर्षी सही

बँकेत अज्ञान मुलाचे खाते उघडण्याची एक साधी रीत आहे. खाते मुलाच्या नावाने असते, पण सही चालते ती पालकाची. मुलाची जन्मतारीख खातेवहीच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवायची. तो अठरा वर्षांचा झाला की पालकाचा अधिकार संपतो. मग मुलाने शाखेत यायचे, आपल्या सहीचा नमुना कार्डावर द्यायचा आणि त्या दिवसापासून खाते खऱ्या अर्थाने त्याचे व्हायचे. सातबाऱ्यावर ज्याला ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मालक ठरलेला असतो, फक्त त्याची वेळ यायची असते.

नोकरीच्या काळात मी अशी कितीतरी खाती उघडली आणि विसरून गेलो. जव्हारच्या शाखेतले एक खाते मात्र विसरता आले नाही. जव्हारच्या शेवटच्या राजाची कहाणी मला जी थोडीफार उमगली, ती त्या खात्याच्या आधाराने उमगली. म्हणून राजाची गोष्ट सांगायला बसलो असताना सुरुवात खातेवहीपासून केली. वाचकांनी एवढी सवलत जुन्या बँकवाल्याला द्यावी.

माझी जव्हारला बदली झाली तेव्हा मी अठ्ठाविशीत होतो. तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे ठाणे जिल्ह्यातले तालुके. पालघर जिल्हा व्हायला १ ऑगस्ट २०१४ उजाडावे लागले. बदलीचा कागद हातात पडल्यावर सहकाऱ्यांनी मी आजारी असल्यासारखी माझी विचारपूस केली होती. प्रत्यक्षात गाव मला आवडले. पावसाळ्यात चार महिने धुके आणि झड, भिंतींना ओल, खातेवह्यांना कुबट वास. पण दिवाळीनंतर हवा अशी की मुंबईचा माणूस हरखून जावा. संध्याकाळी पाय मोकळे करायला मी जय विलासच्या बाजूला जात असे. काजूच्या झाडांत उभा असलेला तो दगडी राजवाडा तेव्हा बहुतेक वेळा शांत असायचा. एकदा सोबत आलेल्या गावातल्या एका वृद्ध खातेदाराने सहज सांगितले की, हा वाडा बांधणारे राजेसाहेब लढाईच्या काळात हवाई दलात नोकरीला होते. नोकरी हा त्यांचाच शब्द. मला वाटले, म्हाताऱ्यांची काहीतरी गल्लत होते आहे. राजे लोक हवाई दलाला देणगी देतात, विमानाला आपले नाव देतात. नोकरी कशाला करतील? पण गल्लत माझीच होती.

यशवंतराव मार्तंडराव मुकणे, संस्थानच्या दप्तरी पाचवे पतंगशहा, यांचा जन्म डिसेंबर १९१७ मधला. घराणे महादेव कोळ्यांचे. आदिवासी घराण्याने शतकानुशतके टिकवलेले हे राज्य. मूळ पुरुष जयबा मुकणे. त्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि होकार मिळाल्यावर त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी अवघा मुलूख वेढून घेतला, अशी दंतकथा जव्हारात लहान पोरही सांगते. त्याच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली राजा म्हणून मान्यता आणि शहा हा किताब दिला. पतंगशहा, विक्रमशहा, कृष्णशहा ही या डोंगरातल्या राजांची नावे त्यातून आली. सुरतेच्या वाटेवर १६६४ साली शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले आणि तिथे विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले, ही आठवणही गावाने जपली आहे. पुढे पेशवाईत मुलूख आक्रसत गेला. इंग्रजांच्या काळात उरले ते सुमारे तीनशे चौरस मैलांचे, डोंगर, जंगल, नाचणी आणि वरईचे संस्थान. नऊ तोफांच्या सलामीचा मान होता, पण तिजोरी बेताचीच. शेजारचे मोखाडे तर संस्थानातही नव्हते. तो इंग्रजी मुलखातल्या शहापूर तालुक्याचा पेटा होता. डोंगर एक, माणसे एक, पण अलीकडे राजाचा अंमल आणि पलीकडे कलेक्टरचा.

यशवंतरावांचे वडील मार्तंडराव डिसेंबर १९२७ मध्ये वारले. मुलाचे दहावे वर्ष तेव्हा जेमतेम भरत होते. त्या वयाच्या मुलाच्या हातात आपण पतंगाची दोरी देताना विचार करतो. इथे पतंगशहा हे नाव आणि त्याबरोबर हजारो माणसांचे राज्य त्याच्याकडे आले. पण आले ते फक्त नावावर. कारभार रीजन्सीकडे गेला आणि राणी सगुणाबाई रीजंट म्हणून राहिल्या. ही व्यवस्था १९३८ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे दहा वर्षांहून थोडी अधिक चालली. खातेदार यशवंतराव, सही मात्र पालनकर्त्यांची.

या दहा वर्षांकडे चरित्र सांगणारे सहसा एका वाक्यात पाहतात. अमुक साली गादीवर आले, तमुक साली अधिकार मिळाले, आणि पुढे. मला मात्र ती दहा वर्षे सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. कारण त्या काळात मुलाला एकच काम होते, ते म्हणजे शिकणे. त्याला काठेवाडातल्या राजकोटच्या राजकुमार कॉलेजात घातले गेले. १८७० साली सुरू झालेली ही शाळा खास संस्थानिकांच्या मुलांसाठी होती. पुढे काही शिक्षण इंग्लंडमध्येही झाले. जव्हारच्या वाड्यात ज्याच्यापुढे मोठी माणसे वाकून मुजरा करत, तो मुलगा राजकोटला गेला की इतरांसारखाच एक विद्यार्थी. आजूबाजूला सगळेच कुठल्या ना कुठल्या गादीचे वारस किंवा भाऊबंद. तिथे जव्हारचे अप्रूप कोणाला असणार?

या शाळांवर टीका करायला जागा आहे. राजांना इंग्रजी वळण लावायचे आणि साम्राज्याला निष्ठावंत मांडलिक तयार करायचे, हा त्यांचा उघड हेतू होता. पण दहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याला एक मोठी गोष्ट मिळाली होती. त्याची जागा कुठे जाणार नव्हती. परीक्षा एका वर्षाऐवजी दोन वर्षांनी दिली, आजारी पडला, परदेशी गेला, तरी जव्हारची गादी त्याच्यासाठी राखलेली होती. ती राखायला माणसे होती, कागद होते, कायदा होता, तिजोरी होती. पुढचे सारे आयुष्य ठरलेले आहे आणि त्यासाठी आजचा अभ्यास सोडावा लागत नाही, ही निश्चिंती फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते.

बँकेच्या परीक्षेसाठी आम्ही १८७५ चा सज्ञानतेचा कायदा पाठ केला होता. सर्वसाधारण मुलगा अठराव्या वर्षी सज्ञान. कोर्टाने पालक नेमला असेल तर एकविसाव्या. हा दुसरा भाग १९९९ च्या दुरुस्तीने गेला. ज्याच्या मागे मालमत्ता मोठी, त्याला सांभाळण्याचा काळही मोठा, असा त्या जुन्या कायद्याचा सरळ हिशेब होता. संस्थानिकांना हा कायदा लागू होता असे नाही, पण रीत त्याच विचाराची होती. १६ जानेवारी १९३८ रोजी यशवंतरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले तेव्हा त्यांना एकविसावे नुकते लागले होते. त्या दिवशी, माझ्या भाषेत सांगायचे तर, सहीचा नमुना कार्डावर उमटला.

पुढच्या काळात त्यांनी जे केले ते लहान संस्थानाच्या मानाने थोडे नव्हते. प्राथमिक शिक्षण मोफत, औषधोपचार मोफत, दवाखाना, प्रसूतिगृह, वाचनालय अशी कामे झाली. छोटे उद्योग आणण्याचा प्रयत्न झाला. जय विलासही त्यांच्याच काळातला. डोंगरातल्या पाड्यापर्यंत ही सुधारणा किती झिरपली, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण स्वतः दहा वर्षे शिकण्यासाठी मोकळा राहिलेला राजा अधिकारावर आल्यावर शाळेला विसरला नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवायला हरकत नाही.

अधिकार मिळून दोन वर्षे होत नाहीत तोच, सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले. संस्थानिकांनी काय करायचे याचा नमुना पहिल्या महायुद्धात घालून दिलेला होता. पैसे द्यायचे, माणसे भरती करून द्यायची, निष्ठेचे पत्र पाठवायचे. यशवंतरावांनी त्यापलीकडे जाऊन स्वतः गणवेश चढवला, आणि तोही हवाई दलाचा. तेव्हाचे हिंदी हवाई दल म्हणजे अगदी पोरवयाची संस्था. स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. युद्ध सुरू झाले तेव्हा साऱ्या दलात एकच स्क्वाड्रन होते. अधिकारी सोळा आणि त्यांच्या हाताखाली १४४ माणसे. युद्ध संपेपर्यंत स्क्वाड्रनची संख्या नऊवर गेली आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवरील कामगिरीमुळे १९४५ च्या मार्चमध्ये दलाच्या नावाआधी ‘रॉयल’ हा शब्द लागला. पायदळात, घोडदळात राजघराण्यांना परंपरेने मानाचे पान असे. या नव्या दलाला परंपराच नव्हती. तिथे यशवंतराव फ्लाइट लेफ्टनंट या हुद्द्यापर्यंत गेले.

फ्लाइट लेफ्टनंट म्हणजे लष्करातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा हुद्दा. आपल्या संस्थानात नऊ तोफांचा धनी असलेला माणूस दलात मात्र मधल्या फळीतला अधिकारी होता. वरच्याला सलाम करायचा, रजेचा अर्ज करायचा, हुकूम आला की निघायचे. मला या माणसाच्या आयुष्यात हे सर्वांत विलोभनीय वाटते. राजेपण जन्माने आले होते आणि दहाव्या वर्षी, न मागता आले होते. हा हुद्दा मात्र मागून, पात्र ठरून मिळवावा लागला होता. शिक्षण पुरे झाले होते, वय योग्य होते, निर्णय स्वतःचा होता. सैन्यात जाण्याची हीच रीत असावी.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती आरतीसारखी होईल. यशवंतराव गणवेशात असताना जव्हारच्या शेजारी, डहाणू आणि उंबरगावच्या जंगलपट्ट्यात, वारली माणूस सावकार आणि जमीनदाराच्या वेठीला जुंपलेला होता. १९४५ साली तो उठला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी त्याला हाक दिली, लाल बावटा पाड्यापाड्यावर गेला, गोळीबार झाला, माणसे मेली. एका आदिवासी राजाला साम्राज्याच्या युद्धात मान मिळत होता आणि त्याच्या सीमेलगतचा आदिवासी वेठबिगारीतून सुटण्यासाठी झगडत होता. या दोन गोष्टी एकाच वर्षांतल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. शिवाय, राजाला संस्थान सोडून युद्धावर जाता आले, कारण मागे कारभार बघणारे होते. जागा राखलेली असण्याचे भाग्य त्याला दुसऱ्यांदा लाभले.

१९४७ साली स्वातंत्र्य आले, १९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा तालुका झाले. वयाच्या तिशीत राजेपण गेले. अनेक संस्थानिक त्यानंतर घोडे, शिकार आणि खटले यांत गुंतून पडले. यशवंतराव काँग्रेसमध्ये गेले आणि साठच्या दशकात मतांसाठी त्याच पाड्यांच्या वाटा तुडवून लोकसभेत पोहोचले. १९७१ साली तनखे आणि किताबही कायद्याने संपले. १९७८ साली वयाच्या साठाव्या वर्षी ते गेले. मी जव्हारला पोहोचलो तेव्हा त्याला दहा वर्षे झाली होती, आणि गावात त्यांचा उल्लेख अजून राजेसाहेब असाच होत होता.

आता त्या खात्याविषयी.

मोखाड्याच्या बाजूचा एक मुलगा जव्हारला राहून बारावीला शिकत होता. शिष्यवृत्तीसाठी त्याचे खाते आमच्याकडे होते. अज्ञान म्हणून वडील पालक आणि सहीच्या जागी वडिलांचा डावा अंगठा. मुलगा काटक, पळण्यात तरबेज, बोलायला लाजरा. दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी तो एकटाच आला आणि बराच वेळ काउंटरपाशी घोटाळत राहिला. शेवटी त्याने विचारले की, नाशिककडे लष्कराची भरती आहे असे कळले आहे, जाऊ का? बारावीची परीक्षा तोंडावर होती. मी साहेब, शिकलेला, त्याच्या दृष्टीने जगाची माहिती असलेला. मी त्याला मोठ्या अधिकाराने सांगितले की आधी बारावी पुरी कर. सैन्य काही पळून जात नाही, भरती पुन्हा येईल. त्याने मान हलवली. माझा सल्ला चांगला होता, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

या भागात दिवाळीनंतर काय होते ते तेव्हा मला कागदावर ठाऊक होते. भात आणि नाचणी घरात येते, ती किती दिवस पुरेल याचा हिशेब होतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायला घरातले सगळे हात लागतात. ती पावसाच्या तोंडावर परततात, आणि बारावीची परीक्षा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. त्या वर्षी वडिलांच्या पाठीत उसण भरली आणि भट्टीवर एक हात कमी पडला. तो हात मुलाचा लागला. परीक्षा बुडाली. भरती तर आधीच होऊन गेली होती. हे मला पुढच्या पावसाळ्यात त्याच्या एका वर्गमित्राकडून कळले. दरम्यान त्याला अठरा पूर्ण झाली होती. मी त्याचे नवे कार्ड तयार करून ठेवले होते. सही करायला तो आला नाही. माझी बदली झाली तेव्हा खात्यात थोडे रुपये होते आणि कार्डावरचा चौकोन कोराच होता.

मी सल्ला चुकीचा दिला का? शिक्षण पुरे करून मग सैन्यात जावे, हे आजही मला बरोबरच वाटते. माझी चूक वेगळी होती. थांब म्हणणे सोपे असते. पण थांबणाऱ्याची जागा कोणी तरी धरून ठेवावी लागते. दहा वर्षांच्या राजासाठी राणी, रीजन्सी आणि सारे सरकार जागा धरून बसले होते, म्हणून तो निवांत शिकू शकला. मोखाड्याच्या मुलासाठी कोणी नव्हते. माझ्या तोंडच्या दोन वाक्यांवर त्याने जागा सोडली आणि ती गेली.

अमेरिकेत यासाठी एक पद्धत आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षातला सतरा वर्षांचा मुलगा आई-वडिलांच्या संमतीने सैन्यात नाव नोंदवू शकतो. त्याची तपासणी होते, जागा ठरते, पण प्रशिक्षणाला निघायचे ते शाळा संपल्यावर. त्यासाठी वर्षभरापर्यंत मुदत मिळते. तिच्यावर टीकाही आहे. कोवळ्या वयात शब्द घेतला जातो, गरीब वस्त्यांतली मुले अधिक जाळ्यात येतात, असे म्हणणारे तिथे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण त्या व्यवस्थेत एक शहाणपण आहे. ती मुलाला शाळा की सैन्य असे निवडायला लावत नाही. आपल्याकडे याच्या जवळचे काही असेल तर ते पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे. तिथल्या प्रवेशपरीक्षेला बारावीत असतानाच बसता येते. निवड झाली तरी आत पाऊल पडते ते बारावी पास झाल्यावरच. २०२१ पासून मुलींनाही ते दार उघडले आहे. मात्र ही अधिकाऱ्यांची वाट, आणि तिथवर पोहोचायला लागणारे शिकवणीचे बळ जव्हार-मोखाड्यात किती मुलांकडे असते? शिपाई होऊ पाहणाऱ्या मुलासाठी २०२२ पासून अग्निपथ योजना आहे. वयाची किमान अट साडेसतरा, म्हणजे ऐन अकरावी-बारावीचे वय. भरतीची तारीख आणि परीक्षेची तारीख यांची गाठ पडली तर आजही निवड मुलालाच करायची आहे.

गेल्या हिवाळ्यात मी बऱ्याच वर्षांनी जव्हारला जाऊन आलो. पहाटे थंडीत रस्त्याच्या कडेने मुले पळत होती. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी. पायांत कोणाच्या बूट, कोणाच्या साधी चप्पल, काही अनवाणी. एकाला थांबवून विचारले, तर तो बारावीला होता. घरची मंडळी कुठे, म्हटल्यावर त्याने हाताने भिवंडीची दिशा दाखवली. तो आजीजवळ राहिला होता. म्हणजे त्याची जागा धरून ठेवायला निदान एक म्हातारी होती.

त्याला मी कोणताही सल्ला दिला नाही. बारावीचा निकाल कधी, भरती कधी, मधल्या महिन्यांत खाणार काय, एवढे विचारून घेतले. मग वाड्याच्या बाजूला गेलो. काजूला मोहोर आला होता. दहाव्या वर्षी गादीवर आलेल्या आणि विसाव्या वर्षी सही करणाऱ्या त्या मुलाचा मला पहिल्यांदाच थोडा हेवा वाटला. त्याच्या राज्याचा नव्हे, त्याला मिळालेल्या दहा वर्षांचा. राजेपण गेले ते बरेच झाले. पण राजाच्या मुलाला मिळालेली ती मुदत मोखाड्याच्या मुलाला दहा वर्षांची नको, दहा महिन्यांची तरी मिळावी, एवढे करणे लोकशाहीला जड जाऊ नये. जव्हारच्या शाखेत एक कार्ड अजून कुठल्या तरी गठ्ठ्यात असेल. त्याच्यावरचा चौकोन मी माझ्या हाताने आखला होता.